बिर्ला हाउस: गोळ्या तीन की चार, आणि वेळ ५.१० की ५.१७? साक्षी जुळत का नाहीत?

लश्करवाला_मन्या (ग्वाल्हेर)

मंडळी, प्रश्न सरळ आहे पण उत्तर काही हाती लागत नाहीये. ३० जानेवारी १९४८ला दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजींवर नेमक्या किती गोळ्या झाडल्या गेल्या आणि किती वाजता, यावर तिथेच हजर असलेल्या माणसांचं एकमत का नाही?

मी यात का पडलो तर आमचं गाव. २७ जानेवारीच्या रात्री गोडसे आणि त्याचा साथीदार आपटे ग्वाल्हेर स्टेशनला उतरून टांग्याने इथल्या हिंदू महासभेच्या डॉ. परचुऱ्यांकडे गेले, दुसऱ्या दिवशी दंडवतेमार्फत ती इटालियन बेरेटा पिस्तूल मिळाली आणि रात्रीच्या गाडीने दोघं परत दिल्लीला, एवढं आमच्या लश्कर भागातल्या जुन्या मराठी घरांत सगळ्यांना माहीत असतं, फक्त मोठ्याने कोणी बोलत नाही. आणि आता दर जानेवारीत फॅमिली ग्रुपवर 'चौथी गोळी कोणाची?' असा फॉरवर्ड येतो, खाली दहा अंगठे, आणि कोणी एक काका 'सब दबा दिया गया' म्हणून हिंदीत लिहून मोकळे होतात.

तर मी म्हटलं आपणच बघू. तुघलक रोड ठाण्यातली एफआयआर वाचली, भाषांतर मिळतं, मूळ उर्दूत आहे. फिर्यादी नंदलाल मेहता, तो म्हणतो मी जवळच होतो, संध्याकाळी पाच दहाच्या सुमारास महात्माजी खोलीतून प्रार्थनेला निघाले, दोन्ही बाजूला लोक, मध्ये तीनेक फूट वाट, सहा सात पावलं गेले असतील तोच एक माणूस पुढे आला आणि दोन तीन फुटांवरून तीन गोळ्या. ठीक. मग अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीनचं वर्णन वाचलं, तो बीबीसीच्या बॉब स्टिम्सनबरोबर तिथेच पायऱ्यांजवळ उभा होता, आणि त्याला ऐकू आले चार आवाज. त्याच्या घड्याळात गांधीजी येताना दिसले तेव्हा ५.१२. मनुबेन, जिच्या खांद्यावर गांधीजींचा हात होता, तिने लिहिलेली वेळ ५.१७, आणि आता सगळीकडे तीच चालते. त्या काळच्या काही पेपरांत चार गोळ्या छापलंय, काहींत तीन.

म्हणजे सगळे दहा वीस फुटांच्या आत, दिवसाउजेडी, आणि तरी हे. मला फॉरवर्डवाल्यांना उत्तर द्यायचंय पण 'पुस्तकात लिहिलंय म्हणून' असं नको. साक्षी तोलायच्या कशा ते सांगा. आणि प्लीज, राजकारण दुसऱ्या धाग्यावर काढा.

सयाजीगंज_साउंडवाला (बडोदा)

मन्या, गोळ्यांच्या आवाजाबद्दल बोलतो, बाकी वकील लोक बघतील. माझं आयुष्य नाटकं आणि लग्नाच्या बँडचं साउंड करण्यात गेलं, त्यामुळे कान हा किती खोटारडा साक्षीदार आहे ते मला विचार.

पहिली गोष्ट. माणूस पटापट झालेले आवाज मोजत नाही. तो ऐकतो आणि नंतर, मनात, आकडा लावतो. तीन आवाज सेकंदाभरात झाले तर डोक्यात फक्त 'धडधडधड' राहतं. मग कोणी विचारलं किती, की माणूस आठवणीतला तो गुच्छ सोडवायला बसतो आणि तीनचे चार किंवा चारचे तीन तिथे होतात. बेरेटा १९३४ हे सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल, प्रत्येक वेळी फक्त ट्रिगर ओढायचा, पुढची गोळी आपोआप वर येते. तीन गोळ्यांना एक सेकंद पुष्कळ झाला.

दुसरी गोष्ट प्रतिध्वनी. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोर भिंत १७ मीटरवर असेल तर जाऊन येऊन ३४ मीटर, म्हणजे दहावा हिस्सा सेकंदाने आवाज परत येतो, आणि एवढ्या फरकाने कान त्याला नवीन आवाज समजू शकतो. भिंत फारच जवळ असेल तर दोन्ही मिसळून एकच जाड आवाज वाटतो. आमच्याकडे बडोद्याच्या पोळांत दिवाळीला सुतळी बॉम्ब फोडला की गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला शपथेवर सांगेल दोन फुटले, आणि पेटवणारा म्हणेल एकच. दोघंही खरं बोलतात. शीन साहेब पायऱ्यांपासून दहा फुटांवर होता खरा, पण त्याने स्वतःच लिहिलंय की मध्ये लोकांचा घोळका होता आणि गांधीजी एवढे लहानखुरे की दिसेनासे झाले. म्हणजे तो प्रत्यक्षदर्शी नाही, कानाने साक्ष देणारा आहे. आणि त्याने त्या आवाजांचं वर्णन बोथट, दबलेले असं केलंय. बरोबर आहे, माणसांच्या घोळक्यातून आवाज येताना वरचा टणत्कार गळून जातो आणि खालचा धप्प उरतो. धप्प मोजायला सगळ्यात वाईट.

अजून एक. बेरेटाची ती छोटी ९ एमएम गोळी आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाते. त्यामुळे रायफलीसारखा गोळीचा 'टॅक' वेगळा आणि नळीचा 'धाड' वेगळा असं इथे होत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष कॅनेडी यांच्या खुनाच्या केसमध्ये तो घोळ होता, इथे नाही. म्हणजे तो चौथा आवाज गोळीच्या कडकडाटाचा होता असं कोणी सांगितलं तर मान्य करू नकोस. प्रतिध्वनी किंवा आठवण, या दोनातलं काहीतरी.

मुरार_का_छोरा (ग्वाल्हेर)

वा वा, म्हणजे जे सोयीचं नाही ते सगळं प्रतिध्वनी 😄

मी काही फॉरवर्डवाला काका नाही पण दोन गोष्टी सांगा. एक, पिस्तुलात सात गोळ्या, पकडलं तेव्हा चार शिल्लक, सात वजा चार तीन, हे सगळेच सांगतात. पण ज्याने ऑटो पिस्तूल हातात घेतलंय त्याला माहीत असतं की मॅगझिनमध्ये सात भरून स्लाइड ओढली की एक वर चेंबरमध्ये जाते, मग मॅगझिन काढून त्यात अजून एक टाकली की झाल्या आठ. आठ वजा चार चार. मग? आणि दोन, पोस्टमॉर्टेम का नाही केलं? देशातला सगळ्यात मोठा खून आणि शवविच्छेदन नाही. आमच्या मोहल्ल्यात कोणी छतावरून पडून गेला तरी करतात राव.

आणि साउंडवाले भाऊ, एक माणूस नाही, पेपरांनी पण चार छापलं ना. सगळ्यांच्याच कानात प्रतिध्वनी?

इंदुरी_काळा_कोट (इंदूर)

मुरारवाल्यांचा आठवाला मुद्दा चांगला आहे, खरंच. त्यावर येतो, पण आधी मूळ प्रश्न, कारण मन्याने विचारलंय साक्ष तोलायची कशी, आणि आम्ही जिल्हा कोर्टात रोज हेच करत बसतो, फक्त तिकडे विषय म्हैस आणि बांध असतो.

साक्षीदाराला मी तीन गोष्टी विचारतो. दिसत होतं का? लक्ष कुठे होतं? आणि हे पहिल्यांदा कधी सांगितलंस? नंदलाल मेहताच्या एफआयआरमध्ये चुका आहेत, भरपूर, आरोपीचं नाव नथुरामच्या जागी नारायण विनायक गोडसे लिहिलंय, मनुबेनचं नावही भलतंच झालंय. म्हणून काही लोक म्हणतात ही एफआयआर फेकून द्या. मी उलट म्हणतो. नावं त्याने दुसऱ्याकडून ऐकली, ती चुकली. वाट केवढी होती, हल्लेखोर किती जवळ होता, फायर किती झाले, हे त्याने स्वतः पाहिलं. एकाच कागदावर ऐकीव आणि पाहिलेलं शेजारी शेजारी असतं, ते वेगळं करायला शिकलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा जबाब त्याच संध्याकाळचा, दुसऱ्या दिवशीचे पेपर छापून यायच्या आधीचा. पेपर वाचल्यावर साक्षीदाराची आठवण त्याची एकट्याची राहत नाही. कायद्याने एफआयआर हा काही स्वतंत्र पुरावा नव्हे, साक्षीदाराला दुजोरा द्यायला किंवा खोटं पाडायला वापरतात, पण ताजेपणाची किंमत असतेच.

मुरारभाऊ, पेपरांनी चार छापलं हा चारला वेगळा दुजोरा होत नाही. बातमीदार तिथे किती होते? मोजके. बाकी सगळ्यांनी तारेवरून, एजन्सीवरून उचललं. एका माणसाने चार ऐकलं आणि पन्नास पेपरांनी छापलं तर साक्षीदार एकच. असं आमच्याकडे वीस शपथपत्रं आणतात, सगळ्यांत तोच मजकूर, टायपिस्टची चूकसुद्धा तीच.

आता आठाचा हिशेब. होऊ शकतं, यांत्रिकदृष्ट्या काहीच अडचण नाही. पण मग तुम्ही सात वजा चारवरचा विश्वास काढून घेतला तर चौथ्या गोळीवाल्यांचा सगळा डोलाराच पडतो, हे लक्षात आलं का? त्यांचा युक्तिवाद काय होता, तर गोडसेच्या पिस्तुलातून तीनच सुटू शकतात, सातपैकी चार शिल्लक होत्या म्हणून, आणि आवाज चार झाले, म्हणून चौथी दुसऱ्या कोणाची. तुम्ही म्हणता पिस्तुलात आठ असू शकतात. मग चौथीही गोडसेचीच, दुसरा माणूस कशाला हवा? आठ धरा, दुसरा मारेकरी गेला. सात धरा, मग चौथीला पुरावा फक्त कान. दोन्ही एकदम धरता येत नाही.

आणि चौथी गोळी गेली कुठे? सिव्हिल सर्जननी जखमा तपासल्या त्यात आत शिरल्याच्या जखमा तीन, एक पोटात आणि दोन छातीत, सगळ्या उजव्या बाजूला. दोन गोळ्या पाठीतून बाहेर पडल्या, एक आत राहिली. म्हणजे अंगावर एकूण भोकं पाच. जो माणूस आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेगळी मोजत नाही त्याला चार, पाच काहीही दिसेल, फोटो बघून आकडे सांगणाऱ्यांचं हेच होतं. तीन फुटांच्या वाटेत, दोन्हीकडे माणसं खेटून उभी, तिथे एखादी गोळी गांधीजींना न लागता गेली असती तर कोणाला तरी लागली असती, नाहीतर कुठेतरी रुतली असती.

पोस्टमॉर्टेम नाही झालं हे खरं. बाहेरून जखमांची तपासणी झाली, फाडलं नाही. आजच्या नजरेने ही उणीवच. पण त्या रात्री बिर्ला हाउसच्या बाहेर काय गर्दी होती, घरच्यांच्या भावना काय होत्या, आणि मरणाचं कारण, मारणारा, हत्यार तिन्ही जागेवर सापडलेलं, याचा विचार करा. लपवायचं असतं तर शवविच्छेदन करून हवा तो कागद करून घेणं जास्त सोपं होतं, हे वकील म्हणून सांगतो 😅

एक मुद्दा मात्र कोणी बोलत नाही. लाल किल्ल्यातल्या खटल्यात गोळ्या किती हा वादच नव्हता. न्या. आत्माचरण यांच्यापुढे सरकारने १४९ साक्षीदार आणले, पण गोडसेने गोळ्या झाडल्याचं कबूलच केलं होतं. भांडण होतं ते कटाचं, कोण सामील होतं आणि कोण नाही याचं. ज्या मुद्द्यावर बचाव पक्ष उलटतपासणी करत नाही तो मुद्दा रेकॉर्डवर पातळच राहतो. तुमच्या ग्वाल्हेरच्या परचुऱ्यांचंच बघा, १९४९च्या फेब्रुवारीत शिक्षा, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंजाब हायकोर्टातून सुटले. तिकडे शब्दाशब्दावर घासाघीस झाली. तीन की चार यावर झाली नाही, कारण कोणालाच गरज नव्हती. नंतर सत्तर वर्षांनी त्या पातळ जागेत लोकांनी भोक पाडलं.

सयाजीगंज_साउंडवाला (बडोदा)

वकीलसाहेब कडक 🙏

मन्या, तुझ्या वेळेच्या प्रश्नावरून कॅनेडी आठवला, कारण इंटरनेटवर लोक तिकडचं गणित उचलून इकडे चिकटवतात आणि ते बसत नाही. डॅलसला २२ नोव्हेंबर १९६३ला जे झालं त्याची झप्रुडर नावाच्या एका बघ्याने काढलेली फिल्म आहे, मुकी, पण सेकंदाला १८.३ फ्रेम, म्हणजे ते एक प्रकारचं घड्याळच झालं. आणि मारेकरी ऑस्वाल्डची रायफल बोल्टवाली, प्रत्येक गोळीनंतर खटका ओढायचा, तपासात निघालं की दोन गोळ्यांमध्ये कमीत कमी २.३ सेकंद लागणार. म्हणून तिकडे भांडण असं चालतं की अमुक फ्रेमला एक लागली, अमुक फ्रेमला दुसरी, मधलं अंतर २.३पेक्षा कमी असेल तर दुसरा बंदूकवाला हवा. तिथे वेळ हाच पुरावा आहे. शिवाय बहुतेक साक्षीदारांनी तीन आवाज सांगितले आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटचे दोन जवळजवळ होते म्हटलं, म्हणून वादाला खाद्य.

इकडे काय आहे? फिल्म नाही, टेप नाही, आणि हत्यार असं की सेकंदात तीनदा चालतं. म्हणजे कोणी 'दोन आवाजांमध्ये वेळच कमी होता' असं म्हटलं तरी त्यातून दुसरा माणूस निघत नाही. तो फॉर्म्युला बिर्ला हाउसला लागूच नाही. बस, यावरच निम्मे यूट्यूबवाले बाद होतात.

आणि टेप असून काय दिवे लागतात तेही सांगतो, हा माझा आवडता किस्सा. डॅलसच्या एका पोलीस मोटरसायकलचा माइक म्हणे उघडा राहिला होता आणि ते सगळं पोलिसांच्या रेकॉर्डिंगवर आलं. १९७८-७९ला अमेरिकन संसदेच्या समितीसाठी तज्ज्ञांनी ते ऐकून सांगितलं, चार गोळ्या, आणि त्यातली तिसरी समोरच्या टेकाडावरून, ९५ टक्के खात्री. झालं, देशभर खळबळ. मग ओहायोतला एक ड्रम वाजवणारा पोरगा, स्टीव्ह बार्बर, एका मासिकाबरोबर फुकट आलेली प्लास्टिकची रेकॉर्ड घरी परत परत ऐकत बसला आणि त्याला त्या 'गोळ्यां'च्या जागीच मागे दुसऱ्या चॅनलवरचं शेरीफचं बोलणं ऐकू आलं, जे हल्ल्यानंतर साधारण मिनिटभराने बोललेलं होतं. म्हणजे ते ठोके गोळ्यांचे नव्हतेच. १९८२ला शास्त्रज्ञांच्या समितीने तेच मान्य केलं. तज्ज्ञांकडे मशिनं होती, ड्रमवाल्याकडे कान आणि रिकामा वेळ. मी काल म्हटलं कान खोटारडा, पण माणसाला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं तर तोच कान सोनं आहे. बिर्ला हाउसच्या लोकांना एकदाच ऐकायला मिळालं.

काकू_जीवाजीगंज (ग्वाल्हेर)

मी बरेच दिवस नुसती वाचते इथे, आज लिहितेच. इतिहास शिकवण्यातच सगळी नोकरी झाली माझी, आणि मुलं हाच प्रश्न दर वर्षी विचारायची.

आवाजाचं चाललंय म्हणून सांगते, दहा दिवस आधीचं, २० जानेवारीचं विसरू नका. त्या दिवशी गोडसेच्याच गटातल्या मदनलाल पाहवाने त्याच बागेत गनकॉटनचा स्फोट केला. गांधीजी प्रार्थनासभेत बोलत होते, लोक घाबरून उठायला लागले, त्यांनी शांत बसवलं. नंतर त्यांनी स्वतः सांगितलं की मला वाटलं जवळपास लष्कराचा सराव चाललाय. बघा, स्वतःच्या सभेतला बॉम्ब, आणि ज्याच्यासाठी लावला त्यालाच तो सराव वाटला. मग शीनला तीनचे चार ऐकू आले यात काय नवल.

दुसरं म्हणजे लक्ष कुठे होतं, हे वकीलसाहेबांनी बरोबर विचारलं. मनुबेन सगळ्यात जवळ. पण तिचं वर्णन नीट वाचा. खाकी कपड्यातला माणूस गर्दीतून वाट काढत आला, तिला वाटलं पाया पडायला येतोय, ती म्हणाली बापूंना आधीच उशीर झालाय, त्याने तिला ढकललं, तिच्या हातातली माळ, वही, पिकदाणी खाली पडली. ती ते उचलायला वाकली आणि त्याच क्षणी गोळ्या. सगळ्यात जवळची साक्षीदार, आणि पिस्तूल चाललं तेव्हा तिचे डोळे जमिनीकडे. तिची साक्ष आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींसाठी सोन्यासारखी, पण मधल्या एका सेकंदासाठी नंदलाल मेहतासारखा दोन पावलांवरचा माणूसच जास्त उपयोगाचा. जवळ असणं आणि बघत असणं वेगळं, हे मी मुलांना फळ्यावर चित्र काढून दाखवायचे, कोण कुठे उभं आणि कोणाचं तोंड कुठे.

आणि गोळ्यांवरच का अडता, गोडसेला पकडलं कोणी यावर तरी कुठे एकमत आहे! अमेरिकन वर्तमानपत्रं म्हणतात त्यांचा तरुण राजदूतावास अधिकारी हर्बर्ट रायनर, त्याने खांदे धरले. आपल्याकडे बिर्ला हाउसचा माळी रघू नायक याचं नाव घेतात, तिसरीकडे हवाई दलाचा सार्जंट देवराज सिंग. प्रत्येकाने बहुधा खरंच धरलं असेल, काही सेकंदांच्या अंतराने, आणि ज्याने ज्याला पाहिलं त्याचं नाव लिहिलं. अमेरिकन बातमीदाराला अमेरिकन माणूस आधी दिसणार, त्यात लबाडी नाही. पण यावर कोणी 'चौथा पकडणारा कोण' म्हणून याचिका करत नाही हो.

लश्करवाला_मन्या (ग्वाल्हेर)

काकू तुम्ही आधी का नाही लिहिलंत 🙏 ते फळ्यावरचं चित्र मी कागदावर काढून बघितलं, मेहता, मनु, दुसऱ्या खांद्याची आभा, शीन, खरंच अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

गोळ्यांचं मला पटलं. पण वेळेचं कोणीच नीट सांगितलं नाही. ५.१०, ५.१२, ५.१७. सात मिनिटं म्हणजे फार झाली ना? सात मिनिटांत माणूस आमचा महाराज बाडा चौक फिरून येतो.

इंदुरी_काळा_कोट (इंदूर)

तीन वेळा एकाच गोष्टीच्या नाहीतच, तिथे गडबड आहे. एफआयआरमधली पाच दहा ही खोलीतून निघण्याची आहे, आणि तीसुद्धा 'सुमारे'. शीनचं ५.१२ हे त्याला गांधीजी दुरून येताना दिसले तेव्हाचं. मनुबेनचं ५.१७ हे गोळ्यांनंतरचं. खोलीपासून प्रार्थनेच्या जागेपर्यंत लॉन ओलांडून चालत यायचं, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, नुकताच उपास सोडलेला, दोन मुलींच्या खांद्यावर हात, मग पायऱ्या, मग नमस्कार करणारे लोक. यात दोन चार मिनिटं सहज गेली. बाकीचा फरक घड्याळांचा. १९४८ला प्रत्येकाचं घड्याळ स्वतःच्या मर्जीने चालायचं, किल्लीवालं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्या साक्षीत सारखी आहे आणि म्हणून पक्की, ती म्हणजे उशीर झाला होता. प्रार्थना पाचची, सरदार पटेलांशी बोलणं लांबलं, म्हणून पाचनंतर. शीन आणि स्टिम्सन तर आज हे उशिरा कसे म्हणून एकमेकांशी बोलत होते. मिनिट चुकतं, पण 'नेहमीपेक्षा उशीर' हे माणूस चुकत नाही, कारण ते त्याला त्याच वेळी खुपलेलं असतं. आणि वेळेचा या केसमध्ये उपयोग तरी काय? कोणी म्हणत नाही की गोडसे ५.१०ला दुसरीकडे होता. जिथे ॲलिबी नाही तिथे मिनिटांवर डोकं फोडू नये. दिल्लीत जानेवारीअखेर सूर्यास्त सहाच्या आसपास, म्हणजे दहाला झालं काय आणि सतराला झालं काय, उजेड पुरेसा होता, एवढंच मला लागतं.

जाता जाता आमच्या इंदूरचं एक. १९२५चा बावला खून, मलबार हिलवर, मुमताज बेगमला पळवायला आलेले लोक, त्यात अब्दुल कादर बावला गेला आणि पुढे तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. तिथे योगायोगाने गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी मोटारीतून आले आणि त्यांनी हल्लेखोरांना धरलं, एकाला गोळ्याही लागल्या. फौजी माणसं, बंदुकीचा आवाज रोजचा, आणि कोर्टात दोन गोष्टी सांगायला उभी, कोण होतं आणि कोणाला धरलं. तेवढ्यावर केस उभी राहिली. चांगला सरकारी वकील साक्षीदाराला जे त्याने नीट पाहिलं तेवढंच विचारतो.

मुरार_का_छोरा (ग्वाल्हेर)

ठीक आहे, आठ आणि सातचं एकदम धरता येत नाही हे लॉजिक मी वापरणार, भले मग माझ्याच विरुद्ध. पण सुप्रीम कोर्टाने तर केस घेतली होती ना? काही दम असल्याशिवाय घेतात का?

इंदुरी_काळा_कोट (इंदूर)

घेतली म्हणजे काय झालं ते बघा. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये पंकज फडणीस यांच्या याचिकेवर कोर्टाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना मदतनीस नेमलं, कागद तपासा म्हणून. जानेवारी २०१८ला त्यांनी अहवाल दिला की चौथ्या गोळीला किंवा दुसऱ्या मारेकऱ्याला आधार नाही, पुन्हा तपासाची गरज नाही. मार्च २०१८ला न्या. बोबडे आणि न्या. नागेश्वर राव यांनी याचिका फेटाळली. फॉरवर्डमध्ये पहिला भाग असतो, दुसरा नसतो. आमच्या पक्षकारांचं पण असंच, नोटीस निघाली की पेढे वाटतात.

लश्करवाला_मन्या (ग्वाल्हेर)

हे ग्रुपवर टाकतो, बघू काका काय म्हणतात. पुढच्या महिन्यात कामाने दिल्लीला जाणं आहे, तेव्हा गांधी स्मृतीला, म्हणजे त्याच बिर्ला हाउसला, जाऊन येईन म्हणतो. साउंडवाले दादा, तिथे जाऊन तुमचं ते प्रतिध्वनीचं तपासता येईल का? म्हणजे मोबाइलवर रेकॉर्ड वगैरे?

सयाजीगंज_साउंडवाला (बडोदा)

मजा म्हणून कर, पण त्यावरून सिद्ध काही होणार नाही. तेव्हा शेकडो माणसं उभी होती, माणसं आवाज पितात, आणि झाडं, बांधकाम सगळं बदललेलं. तरी करायचंच असेल तर मोबाइलचा ऑटो लेव्हल बंद होईल असं ॲप घे, नाहीतर मोठा आवाज आला की फोन स्वतःच आवाज दाबतो आणि मागून येणारा बारीक आवाज उगाच मोठा करतो, मग तुलाच चौथी गोळी सापडायची. एक टाळी, मग पाच सेकंद गप्प, परत एक टाळी. गोळ्या लागल्या त्या जागेवरच्या स्तंभापाशी एकदा आणि पायऱ्यांच्या बाजूने एकदा.

काकू_जीवाजीगंज (ग्वाल्हेर)

अरे तिथे टाळ्या काय वाजवायला सांगताय पोराला, पहारेकरी हाकलून देतील आणि बरोबर करतील! मन्या, त्यापेक्षा तो कागदावरचा नकाशा बरोबर ने आणि खोलीपासून स्तंभापर्यंत पावलांच्या खुणा केल्या आहेत त्यांच्या बाजूने सावकाश चालत जा, हातात घड्याळ ठेव. वकीलसाहेबांची दोन चार मिनिटं बरोबर आहेत का ते तरी कळेल. आणि सोमवारी जाऊ नकोस, बंद असतं.